इंग्लंडच्या छोट्या गावात नव्यानं राहायला जाताना

गावाचं नाव आधी नीट उच्चारायला शिका. आमच्या शेजारच्या गावाच्या नावाची इंग्रजी अक्षरं ई, वाय, ए, एम अशी आहेत. नवा माणूस ते ‘एयाम’ असं वाचतो. गावकरी म्हणतात ‘ईम’, ‘स्टीम’ या शब्दाच्या शेवटासारखं. जुन्या इंग्रजीतल्या बेटाच्या शब्दावरून ते आलंय, म्हणजे ओढ्यांच्या मधली उंच जमीन. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला ‘ईम’ म्हणालात की पहिला उंबरा ओलांडलात.

हा लेख त्या मराठी कुटुंबांसाठी आहे ज्यांना शेफील्डच्या रुग्णालयात किंवा विद्यापीठात नोकरी लागली आहे आणि शहराऐवजी डोंगरातल्या एखाद्या गावात घर घ्यावं असं ज्यांना वाटतंय. घरं इथं स्वस्त नाहीत. लोक येतात ते हवेसाठी, टेकड्यांसाठी आणि मुलांच्या लहानशा शाळेसाठी. आम्हीही तसेच आलो, याला नऊ वर्षं झाली. पहिलं वर्ष मला फार एकटं गेलं. गाव थंड आहे, लोक आत घेत नाहीत, असं वाटायचं. पुढं कळलं की गाव आपणहून कुणाच्या दारात येत नाही. इथं ओळख होते ती एकत्र काम करताना, आणि त्या कामापर्यंत आपण चालत जायचं असतं. ते कसं, हे पायरीपायरीनं सांगते. उदाहरण ईमचं घेते, कारण ते गाव मला आमच्या गावाइतकंच जवळचं आहे आणि बघायला-शिकायला तिथं पुष्कळ आहे.

ईम हे डर्बीशायर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात आहे. १९५१ साली झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की वस्ती नसलेलं जंगल डोळ्यांपुढं येतं. इथं उद्यानाच्या आत गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत, खाणी आहेत. ईमची वस्ती साधारण हजाराची. शेफील्ड सुमारे २० किलोमीटरवर. जवळचं रेल्वे स्टेशन ग्रिंडलफर्ड, शेफील्ड ते मँचेस्टर मार्गावर. तिथून गावापर्यंत बराच चढ चालावा लागतो, म्हणून बहुतेक जण बसनंच येतात.

पहिली पायरी: चालत फिरा

सामान लावून झालं की गाडीची किल्ली बाजूला ठेवा आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २४ क्रमांकाचा नकाशा विकत घ्या. त्यावर हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या वाटा या सार्वजनिक पायवाटा असतात. त्या कुणाच्याही शेतातून, कधी कधी अगदी घराच्या अंगणाला लागून जातात, आणि तिथून चालण्याचा कायदेशीर हक्क प्रत्येकाला आहे. तुम्हालाही आहे, व्हिसा कुठलाही असो. मला हे पटायला वेळ लागला. दुसऱ्याच्या रानात पाय टाकायचा म्हणजे मालकाला हाक द्यायची, ही सवय अंगात मुरलेली. इथं पिवळा बाण दिसला की बिनधास्त जायचं, वाट मात्र सोडायची नाही.

वाट न सोडण्याचं ईमपुरतं आणखी एक कारण आहे. या भागात शेकडो वर्षं शिशाच्या खाणी चालल्या. माळावर गवतात जिथं खड्डे आणि उंचवटे दिसतात तिथं जुन्या खाणींची तोंडं आहेत. काही नीट झाकलेली आहेत, पण त्यांवर चढून फोटो काढू नका आणि मुलांना सोडू नका.

शेतांच्या बांधावर चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी भिंती दिसतील. कोकणातल्या माणसाला हा गडगा चटकन ओळखू येईल. रचण्याची पद्धत थोडी वेगळी आहे, दोन बाजूंनी दोन भिंती आणि मध्ये बारीक दगडांची भर, पण जीव तोच. गडग्यावर कधीही चढायचं नाही. एक दगड सरकला की पावसाळी दिवसांत बाजूचे चार घरंगळतात, आणि त्या फटीतून मेंढ्या बाहेर पडतात. पलीकडे जायला दगडी पायऱ्या किंवा अगदी अंगचोर फट ठेवलेली असते, तिथूनच जा.

फाटकाचा नियम सोपा आहे: जसं सापडलं तसं सोडा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. कधी कधी मेंढ्यांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून शेतकऱ्यानं ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. वसंतात कोकरं असतात तेव्हा एकटं पडलेलं कोकरू उचलून घेऊ नका, आई जवळच चरत असते. गाईंबरोबर वासरं असतील तर लांबून वळसा घ्या. इथल्या गाई आपल्या गोठ्यातल्या गाईंसारख्या माणसाळलेल्या नसतात. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, त्याला पळता येतं.

गाडी चालवताना घोडेस्वार दिसला की वेग ताशी १० मैलांवर आणा आणि निदान दोन मीटर अंतर ठेवून पुढं जा. वाहतुकीच्या नियमपुस्तकातच तसं आहे. शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका, कितीही रिकामं दिसलं तरी. तिथून ट्रॅक्टर केव्हाही निघतो.

दुसरी पायरी: फलक वाचा

गावात एक काचेची पेटी असते. तिच्यात कागद टाचलेले असतात. दर आठवड्याला दोन मिनिटं तिच्यापुढं उभं राहा. पियानो शिकवणाऱ्या बाईंचा कागद, हरवलेलं मांजर, शाळेच्या मैदानावरची जत्रा, चर्चच्या छपरासाठी पुस्तकांची विक्री, आणि पॅरिश कौन्सिलच्या बैठकीची विषयपत्रिका. ही पत्रिका बैठकीच्या आधी निदान तीन पूर्ण दिवस लावावी लागते, त्यामुळे काय चाललंय ते आधी कळतं.

पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत, असं आपण पटकन म्हणतो. १८९४च्या कायद्यानं ती आली. पण अधिकार फार थोडे. बाकडी, खेळाचं मैदान, भाजी लावायचे वाफे, गावची जागा, पायवाटांची काळजी, एवढंच मुख्यत्वे तिच्याकडे. कचरा उचलतं डिस्ट्रिक्ट कौन्सिल. रस्ते आणि शाळा काउंटी कौन्सिलकडे. घराला खोली वाढवायची असेल तर परवानगी राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाकडून, पॅरिश कौन्सिल फक्त मत कळवतं. ही वाटणी एकदा कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा. मी वर्षभर चुकीच्या कार्यालयांना पत्रं लिहीत होते.

बैठकीला कुणीही जाऊन बसू शकतं. सुरुवातीला बहुधा गावकऱ्यांना बोलायला वेळ ठेवलेला असतो. पहिल्यांदा गेलात तर नुसतं ऐका. बहुतेक सदस्य मानधनाशिवाय काम करतात, दिवसभराची नोकरी किंवा शेती आटोपून आलेले असतात. एका बाकड्याच्या रंगावर अर्धा तास चर्चा झाली तरी उठून येऊ नका. त्या अर्ध्या तासात कोण कुणाचं कोण, कुणाच्या आईच्या आठवणीत ते बाकडं ठेवलंय, सगळं समजतं.

आणि एक महत्त्वाचं, जे पुष्कळ मराठी लोकांना ठाऊकच नसतं. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वैध व्हिसावर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला इथं मतदान करता येतं, गावच्या निवडणुकीत आणि संसदेच्याही. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. घरात राहायला गेलात की त्याच आठवड्यात मतदारयादीत नाव नोंदवा. मतदानाच्या दिवशी गावच्या सभागृहात गेलात आणि यादीत तुमच्या नावावर रेघ ओढली गेली की तिथं बसलेल्या बाई दुसऱ्या दिवशी तुम्हाला रस्त्यात ओळखतात.

घर जुन्या वस्तीत असेल तर ते संरक्षित क्षेत्रात आहे का, हे करार करण्यापूर्वी विचारा. ईमचा जुना भाग तसा आहे. अशा ठिकाणी अंगणातलं मोठं झाड तोडायचं किंवा छाटायचं असेल तरी सहा आठवडे आधी कळवावं लागतं. ऐतिहासिक इमारतींच्या यादीत घर असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागते.

कचऱ्याचं काय, हे कुणी सांगत नाही. कोणत्या आठवड्यात कोणता डबा बाहेर ठेवायचा ते कौन्सिलच्या वेळापत्रकात असतं, पण आदल्या रात्री शेजाऱ्याचा डबा पाहणं सगळ्यांत खात्रीचं.

तिसरी पायरी: हाक कशी मारायची

ही पायरी मला सगळ्यांत अवघड गेली. आमच्या समोर ऐंशी पार केलेल्या एक बाई राहतात. त्यांनी पहिल्याच दिवशी आपलं पहिलं नाव सांगितलं आणि त्याच नावानं हाक मारायला सांगितलं. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक? जीभ रेटेना. मी महिनाभर हाक मारायचंच टाळलं, नुसतं हसायचे. त्यांना वाटलं, मला बोलायचं नाही. शेवटी शेजारच्या दुसऱ्या बाईंनी सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. इथं नावानं हाक मारणं म्हणजे आपलं मानणं. मिस्टर-मिसेस लावलंत तर दूर ठेवल्यासारखं होतं. तेव्हा नावानंच बोला. मान द्यायचा तो वेळेनं द्या. दार उघडून धरा, थांबून चौकशी करा, बर्फ पडला की त्यांच्या पायरीवर मीठ टाका.

डर्बीशायरची बोली कानाला वेगळी लागेल. भेटल्यावर ‘ए अप, मी डक’ असं म्हणतात. ‘डक’चा इथं बदकाशी संबंध नाही. ‘बाळा’, ‘राजा’ असं आपण म्हणतो तसा तो मायेचा शब्द आहे, पुरुष पुरुषालाही म्हणतात. जेवणाचे शब्दही नीट समजून घ्या. जुन्या पिढीच्या घरी ‘डिनर’ म्हणजे दुपारचं जेवण आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळी पाच-सहाचं जेवण. ‘टीला या’ असं कुणी म्हटलं तर वेळ विचारून घ्या आणि पोट रिकामं ठेवून जा. तुम्ही शाकाहारी असाल तर बोलावणं आल्याबरोबर सांगा. ऐनवेळी सांगितलंत तर यजमानीण ओशाळते.

न सांगता कुणाच्या घरी जाऊ नका, हे खरं. पण दारापाशी उभं राहून पाच मिनिटं बोलणं चालतं आणि आवडतंही. आमच्याकडे दिवाळीला मी चकलीचे छोटे पुडे सात घरी देते. पुड्यावर काय आहे, त्यात शेंगदाणे, तीळ किंवा गहू आहे का, हे इंग्रजीत लिहिते, कारण इथं पुष्कळांना त्यांचं वावडं असतं. डिसेंबरात त्या सात घरांतून जॅमच्या बाटल्या आणि ख्रिसमसची कार्डं येतात. रिकामी बाटली परत द्यायची असते, धुऊन.

चौथी पायरी: दुकान, पब आणि वाटेवरचा डबा

याबद्दल थोडक्यात सांगते. गावात दुकान असेल तर आठवड्याला निदान दूध आणि ब्रेड तिथून घ्या, पैसे चार पेनी जास्त पडले तरी. गिऱ्हाईक नसेल तर ते बंद पडतं, आणि मग म्हाताऱ्या माणसांना पेन्सिलीसाठीही बस पकडावी लागते. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता शेफील्डला मिळतो. महिन्यातून एक फेरी पुरते. सोमवारी बेकवेलला बाजार भरतो, गुरांचाही. आपल्याकडच्या आठवडी बाजारात रमणाऱ्यांनी एकदा तरी जावं.

पबमध्ये दारू प्यायलाच हवी असं नाही. टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून वाट पाहू नका. काउंटरपाशी जायचं, तिथंच सांगायचं, तिथंच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही पण असते. तुमच्या आधी कोण आलं ते लक्षात ठेवा आणि त्याला पुढं करा. ‘लाइम अँड सोडा’ मागितलंत तर कुणी वळूनही पाहणार नाही. ईममधलं माइनर्स आर्म्स हे सतराव्या शतकातलं घर आहे, आणि नावातच गावचा जुना धंदा आहे. चार-पाच जण मिळून गेलात तर एकेकानं सगळ्यांसाठी आळीपाळीनं घ्यायचं अशी रीत आहे. आपली पाळी चुकवू नका.

शेताच्या फाटकाशी कधी कधी एक पेटी दिसते. आत अंड्यांचे खोके आणि बाजूला पैशांचा डबा. विकणारा कुणी नाही. अंडी घ्या, सुटे पैसे टाका. पहिल्यांदा मी एवढ्याशा डब्यापुढं बराच वेळ उभी होते. एखाद्या अनोळखी माणसानं आपल्यावर इतका विश्वास टाकावा, याचं मला भरून आलं होतं.

पाचवी पायरी: गावाची आठवण समजून घ्या

प्रत्येक गावाला एक आठवण असते, जी सगळ्यांना ठाऊक असते आणि म्हणून कुणी नव्या माणसाला सांगत नाही. ती तुम्ही शोधून काढायची. ईमची आठवण साऱ्या इंग्लंडला माहीत आहे.

१६६५च्या उन्हाळ्याच्या शेवटी लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाची पेटी आली. कापड ओलसर होतं. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स यानं ते विस्तवापुढं वाळत घातलं. कापडात प्लेगच्या पिसवा होत्या असं गाव सांगतं. ७ सप्टेंबरला व्हिकर्सला पुरलं. हिवाळ्यात साथ जरा मंदावली आणि पुढच्या उन्हाळ्यात भडकली. लोक पळून जायच्या बेतात होते. तेव्हा गावचा तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, धर्ममतांवरून पद गमावलेला थॉमस स्टॅन्ली, असे एरवी एकमेकांशी न पटणारे दोघे एकत्र आले. त्यांनी गावाला तीन गोष्टी पटवल्या. गावाची शीव कुणी ओलांडायची नाही. मेलेल्यांना ज्यानं त्यानं आपल्याच जमिनीत पुरायचं. आणि प्रार्थना चर्चमध्ये न होता उघड्यावर, कुकलेट डेल्फ नावाच्या घळीत, घराघरानं अंतर ठेवून व्हायची. त्या बदल्यात चॅट्सवर्थचे अर्ल ऑफ डेव्हनशायर आणि आसपासची गावं शिवेवर अन्न आणून ठेवतील. नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ थांबेपर्यंत सुमारे २६० माणसं गेली.

हे पाहायला असं जा. आधी हॉकहिल रोडवरचं छोटं संग्रहालय. हिवाळ्यात ते बंद असतं, तेव्हा वेळ पाहून निघा. मग सेंट लॉरेन्स चर्च. अंगणात अँग्लो-सॅक्सन काळातला, आठव्या शतकाच्या आसपासचा दगडी क्रूस आहे, आणि त्याच्याजवळ मॉम्पेसनची बायको कॅथरिन हिची कबर. ती २५ ऑगस्ट १६६६ला गेली. त्यांची दोन मुलं आधीच बाहेर नातलगांकडे पाठवली होती, ती मात्र नवऱ्याबरोबर थांबली. शेजारच्या घरांवर हिरव्या पाट्या आहेत: या घरात कोण कोण गेलं, त्यांची नावं. पाट्या वाचा, पण खिडकीतून आत डोकावू नका. त्या घरांत आजही माणसं राहतात, मुलांचे बूट दारात वाळत असतात.

तिथून गावाच्या पूर्वेला चालत गेलात की शेतात एक गोलसर दगडी कुंपण लागतं. या राइली कबरी. एलिझाबेथ हँकॉक नावाच्या बाईनं १६६६च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथं स्वतःच्या हातांनी पुरली. मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. आत कबरीचे दगड आहेत, आणि वारा आहे. मुलांना घेऊन गेलात तर तिथं खाऊ खायला बसू नका.

दक्षिणेला स्टोनी मिडल्टनच्या वाटेवर शिवेचा दगड आहे. त्यात भोकं पाडलेली आहेत. गावकरी त्यांत नाणी ठेवत आणि वरून व्हिनेगर ओतत, म्हणजे रोग पलीकडे जाणार नाही, अशी समजूत. या भोकांत बोट घालून पाहा. कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा मनात पुणं होतं. १८९७चा पुण्यातला प्लेग आपण शाळेत शिकतो तो मुख्यतः घरात घुसणारे सोल्जर, रँड आणि चापेकर बंधू यांच्यामुळे. रोग हाच, जंतू हाच. पुण्यात बंदोबस्त वरून लादला गेला आणि लोकांच्या मनात तो अपमान म्हणून राहिला. ईममध्ये लोकांनी तो स्वतःवर घालून घेतला, पाद्र्यांचा दबाव होताच, तरीही. पण मला त्या दगडापाशी सगळ्यांत जास्त आठवल्या त्या सावित्रीबाई. मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, आणि १० मार्च १८९७ला स्वतः गेल्या. हे मी एकदा चर्चच्या कॉफीच्या वेळी तिथल्या बायकांना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. एकीनं नाव लिहून घेतलं, दोनदा उच्चार विचारून. तुमच्याकडेही अशी गोष्ट असेल तर सांगा. गावाची आठवण ऐकली की आपली सांगायला जागा होते.

चर्चमध्ये जायला ख्रिस्ती असावं लागत नाही. कुणी धर्म विचारत नाही. इथल्या अनेक गावांत चर्च हे आपल्या देवळाच्या ओसरीसारखं वापरलं जातं. तिथं कॉफी मिळते, मैफली होतात, लहान मुलांचा खेळगट भरतो.

सहावी पायरी: हात लावा

आता मुख्य गोष्ट. वर्षातून एकदा तरी गावच्या एखाद्या कामात हात घाला. वुमेन्स इन्स्टिट्यूट आहे, १९१५ साली वेल्समधल्या एका गावातून ब्रिटनमध्ये सुरू झालेलं, आपल्या महिला मंडळाचं भावंडच. पायवाटा साफ करणारे गट आहेत. पण डर्बीशायरमध्ये राहत असाल तर माझं सांगणं एकच: वेल ड्रेसिंगला जा.

विहिरी, झरे, पाण्याचे हौद यांच्यापाशी फुलांच्या पाकळ्यांनी चित्रं मांडायची ही इथली रीत आहे. मे ते सप्टेंबर या काळात प्रत्येक गावाचा आपापला आठवडा ठरलेला असतो. ईमचा ऑगस्टच्या शेवटी. आधीच्या दिवसांत एखाद्या गॅरेजात किंवा कोठारात तयारी चालते, आणि तिथं हातांची चणचण कायमच असते. फलकावर कागद लागतो. त्यात दिलेल्या वेळी जा, जुने कपडे घालून. ‘मी काय करू?’ एवढंच विचारा.

काम असं चालतं. खिळे ठोकलेल्या मोठ्या लाकडी फळ्या काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, नाहीतर कोरडं लाकूड मातीतलं पाणी ओढून घेतं. चिकणमातीत पाणी आणि मीठ घालून ती पायांनी तुडवतात. शाडूची माती मळलेल्या हातांना ती लगेच ओळखीची वाटेल. ती फळीवर थापून गुळगुळीत करतात. त्यावर कागदावरचं चित्र ठेवून रेषांवरून टाचणीनं टोचत जातात, कागद काढला की मातीवर ठिपके उरतात. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. रेषा काळ्या लोकरीनं किंवा अल्डर झाडाच्या इवल्या काळ्या शंकूंनी भरतात. मग शेवाळ, बिया, पानं असं टिकणारं आधी. पाकळ्या सगळ्यांत शेवटी, कारण त्या सुकतात.

मला पहिल्या वर्षी आकाशाचा एक कोपरा दिला. निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्यांची टोपली पुढं ठेवली. मी रांगोळीच्या सवयीनं वरून भरायला लागले. शेजारच्या आजींनी माझा हात धरून खाली नेला. खालच्या ओळीपासून सुरू करायचं, आणि वरची पाकळी खालचीवर थोडी चढवायची, कौलं शाकारतात तशी, म्हणजे पाऊस पडला तरी पाणी ओघळून जातं. माझ्या आजोळी मामा कौलं चाळायचे, ते मी लहानपणी खालून पाहिलेलं. मी तसं सांगितलं, हातांनी दाखवलं. त्या म्हणाल्या, त्यांचे वडील दगडी छपरं करायचे, रीत तीच. मग आम्ही दोघी रात्री अकरापर्यंत आकाश लावत बसलो. माती गार असते, बोटं बधिर होतात, मध्ये मध्ये कुणीतरी चहा आणतं. त्या रात्रीनंतर गावात मला कुणी ‘तुम्ही कुठून आलात’ असं विचारलं नाही. ‘उद्या येणार ना?’ असं विचारलं.

सुरुवात करताना तीन गोष्टी सांभाळा. चित्र कसं असावं यावर पहिल्या वर्षी मत देऊ नका. येतो म्हणालात तर या, कारण माणसं मोजून काम वाटलेलं असतं. आणि पाकळ्या तोडायला तुमच्या बागेत फुलं असतील तर आधी विचारा कोणता रंग हवा आहे. दोन टोपल्या घेऊन गेलात की आनंद होतो. फळ्या उभ्या केल्यावर पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, आणि साधारण आठवडाभर त्या राहतात. नंतर माती खरवडून पोत्यात भरायची, फळ्या धुवायच्या. या कामाला माणसं फारच कमी येतात. त्या दिवशी जरूर जा.

ईममध्ये ऑगस्टचा शेवटचा रविवार हा प्लेग संडे. लोक जमतात आणि कुकलेट डेल्फच्या घळीत, १६६६ मध्ये जमत होते तिथंच, प्रार्थना होते. कुणीही जाऊ शकतं. प्रार्थना येत नसेल तर शांत बसा. उतारावर गवत निसरडं असतं, पक्के बूट घाला. वयस्कर माणसं बरोबर असतील तर घडीची खुर्ची घ्या, आणि जमलं तर एक जास्तीची. तिथं कुणाला ना कुणाला ती लागतेच.